दोन लहान, तिसरं पोटात आणि संध्याकाळचे तीन तास

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला अन्नपूर्णा रोडच्या बाजूला राहतो. घरी मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी सव्वादोन वर्षांची. मला सहावा महिना चालू आहे, तारीख दिवाळीच्या सुमाराची आहे. तिसरं आम्ही ठरवलं नव्हतं. राहिलं, मग दोघांनी विचार करून ठेवलं. आता जो भेटतो तो 'अगं बाई, तिसरं?' म्हणतो आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

नवरा पीथमपूरला कारखान्यात आहे, शिफ्ट बदलत्या. स्वभावानं चांगले आहेत, 'तू सांग, मी करतो' म्हणतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना मुलांमागं पळता येत नाही. मी साडेतीन ते पाच घरीच शिकवण्या घेते. त्यानंतर पाच ते आठ काय होतं ते लिहायलाही लाज वाटते. मुलगी 'कडेवर घे' म्हणून पायाला लोंबकळते, मुलगा तिला ढकलतो, कुकर शिट्ट्या मारत असतो आणि मी ओरडते. परवा मुलाच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. तेव्हापासून मला झोप नाही.

गेल्या महिन्यापासून तो रात्री अंथरुणात शू करतोय. आधी वर्षभर करत नव्हता. मुलगी अजून रात्री अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, पोटुशीचं दूध लेकराला बाधतं, तोड आता. आईचा नागपूरहून रोज फोन येतो, सातवा लागला की दोघांना घेऊन इकडंच ये म्हणून. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ९.२ सांगितलं, गोळ्या दिल्या, पण पोट साफ होईना म्हणून मी त्या सोडल्या.

ताई, संयम कसा वाढवायचा ते सांगा. कधी कधी वाटतं, सगळं टाकून कुठंतरी निघून जावं. मी वाईट आई होत चालले आहे का?

– एक वाचक, इंदूर

उत्तर

संयमाचं नंतर बोलू, आधी रक्ताचं. हिमोग्लोबिन ९.२ आणि गोळ्या सोडल्या, हे तुम्ही शेवटी शेवटी सहज लिहून टाकलंत. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. त्यातही ७ ते ९.९ म्हणजे मध्यम, हयगय करू नये असा. रक्त कमी असलं की धाप लागते, डोकं दुखतं, आवाज सहन होत नाहीत, लहानसहान गोष्टीवर तोल जातो. स्वभाव बिघडला असं तुम्हाला वाटतंय, त्यातला बराच भाग या आकड्यामुळं असू शकतो. एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी निदान दोन वर्षं जावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या काळात अंगातला लोहाचा साठाही भरून येतो. तुम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही, शिवाय मुलगी अजून पितेय. बाळंतपणात थोडंफार रक्त जातंच, आणि आधीच कमी असलेल्या बाईला ते जाणं फार महागात पडतं. म्हणून दिवाळीपर्यंत हा आकडा वर यायलाच हवा.

गोळ्यांनी पोट घट्ट होतं हे खरंच आहे, अनेकींचं होतं. पण त्यावर इलाज आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, 'या गोळ्या मला सोसत नाहीत.' ते दुसऱ्या प्रकारची गोळी देतील, वेळ बदलून देतील, सोबत पोट साफ राहायचं औषध देतील. गोळ्या अजिबातच जमल्या नाहीत तर लोह सलाइनमधूनही देता येतं. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असलेल्या गरोदर बाईनंही ती रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. तुम्हाला रक्त भरून काढायचंय, म्हणजे मात्रा याहून जास्त लागेल. ती डॉक्टरच ठरवतील. शौचाला काळं होईल, त्यानं घाबरू नका. गोळ्यांनी बाळ काळं होतं असं कुणी म्हणालं तर मुळीच मनावर घेऊ नका, त्यात तथ्य नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. आणि चहा! इंदूरच्या सकाळी पोह्यांबरोबर चहा हवाच असतो, मला ठाऊक आहे. पोह्यांवर लिंबू पिळता ते उत्तम, त्यानं लोह अंगी लागतं. चहानं नेमकं उलट होतं. म्हणून चहा तास-दीड तास मागं सरकवा. तेवढ्यानं रक्त भरणार नाही, पण गोळीचं तरी चीज होईल.

आता संध्याकाळ. पाच ते आठ या वेळात तुम्ही काय काय करता ते तुमच्या पत्रातच आहे: स्वयंपाक, दोघांची भांडणं सोडवणं, एकीला कडेवर घेणं, एकाला सांभाळून घेणं. त्यात जेवू घालणं, अंथरुणं, दुसऱ्या दिवशीची शाळेची पिशवी हे मी धरून चालते. त्याच्या आधी दीड तास दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून झालेलं असतं. सहाव्या महिन्यात, एवढ्या कमी रक्तावर, हे कुठल्याच बाईला शांतपणे झेपणार नाही. तुमच्यात संयम कमी नाही, तुमच्या वाट्याला काम जास्त आलंय. संयम वाढवायचे उपाय मी सांगत बसले, तर तुम्ही आणखी एक महिना तेवढंच काम करत राहाल आणि रात्री स्वतःला आणखी दोष द्याल. ते मला नको आहे.

म्हणून पहिली गोष्ट, संध्याकाळचा स्वयंपाक बंद करा. भाजी, वरण, कणीक जे काय असेल ते सकाळीच, अंगात त्राण असताना. संध्याकाळी फक्त गरम करायचं. आठवड्यातले दोन-तीन दिवस मुगाची खिचडी आणि ताक. शिकवण्यांच्या पैशांतला थोडा भाग दिवाळीपर्यंत पोळ्या करणाऱ्या बाईंवर खर्च करा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट मुलांच्या बाजूनं बघा. साडेतीन ते पाच आई घरात दिसतेय, पण तिच्याकडं जायचं नाही. पाच वाजले, आई मोकळी झाली, आणि ती थेट ओट्याशी गेली! लोंबकळणं आणि ढकलणं तिथून सुरू होतं. शिकवणीची मुलं गेली की स्वयंपाकघरात न जाता जमिनीवर बसा. पाठ भिंतीला टेकवा, पाय पसरा, दोघांना जवळ घ्या, तिघांनी मिळून काहीतरी खा. फोन दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटं, अर्धा तास. खेळवायलाही नको, नुसतं बसा. ही वेळ रोज ठरलेली आहे हे मुलांना कळायला आठवडा-पंधरवडा लागेल. कळलं की पुढचे दोन तास बरेच सोपे जातील.

यापुढचा एक परिच्छेद तुमच्या मिस्टरांसाठी आहे, तो त्यांना वाचायला द्या.

'तू सांग, मी करतो' यात मन चांगलं आहे, पण काय करायचंय, कधी, कशात ठेवलंय, संपलंय का, हे सगळं लक्षात ठेवायचं काम तुमच्या बायकोच्याच डोक्यावर राहतं. ते काम कुणाला दिसत नाही आणि ते रात्रीही थांबत नाही. म्हणून काही गोष्टी पूर्णपणे तुमच्या करून घ्या. मुलाची शाळा तुमची: पिशवी, गणवेश, व्हॅनवाल्याशी बोलणं, फी, शाळेतून आलेला निरोप. बायकोच्या फोनवरचा शाळेचा ग्रुप तुमच्या फोनवर घ्या. मुलीची रात्रीची झोप तुमची. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका घेऊन मुलाबरोबर खाली जाणं तुमचं. त्याला त्या गाडीची मजा वाटेल आणि तेवढा वेळ तो फक्त बाबांचा असेल. रात्रपाळीच्या आठवड्यात हे सगळं जमणार नाही. मग त्या आठवड्यात कोण काय करणार हे रविवारी बसून आधीच ठरवा, तेही तुम्हीच सुरुवात करून. मुलगी पहिले काही दिवस 'आईच हवी' म्हणून रडेल. तेव्हा तिला परत आईकडं आणून देऊ नका, छातीशी धरून बसा. दिवाळीत बाळ आल्यावर एका रात्रीत आई दूर होण्यापेक्षा, आत्ता हळूहळू बाबांची सवय होणं तिला फार सोपं आहे.

सासूबाईंना पळता येत नाही हे खरं, पण पत्रात तुम्ही त्यांना कामाच्या यादीतून काढूनच टाकलंय. गुडघे दुखतात म्हणून माणूस निकामी होत नाही, आणि त्यांनाही तसं वाटून घ्यायला आवडत नसेल. सातला शुभंकरोती, मग दोघांना समोर बसवून जेवू घालणं आणि एक गोष्ट, हे बसून होणारं काम आहे आणि आजीइतकं चांगलं ते कुणालाच जमत नाही. त्यांच्याकडं ते अधिकारानं सोपवा. मग ताटात काय सांडलं, किती वेळ लागला, यात पडू नका.

मुलीला उचलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणी ना कुणी बोलत असणारच. गरोदरपण साधं असेल, रक्तस्राव नसेल, वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) खाली नसेल, डॉक्टरांनी मना केलं नसेल, तर सव्वादोन वर्षांच्या मुलीला अधूनमधून उचलल्यानं बाळाला धोका होत नाही. तुमच्या पाठीला मात्र होतो. कमरेतून वाकून उचलू नका. गुडघ्यांत बसा, तिला छातीशी घ्या आणि मग उठा. पोट वाढेल तसं उचलणं कमी करून, बसून मांडीवर घेणं वाढवा. आणि एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी टाळा: 'बाळ आहे ना पोटात, म्हणून आई तुला घेत नाही.' त्यापेक्षा 'माझी पाठ दुखतेय, तू इथं माझ्याजवळ ये' म्हणा. न आलेल्या बाळावर आत्तापासून राग धरायचं कारण तिला कशाला द्यायचं?

दुधाचं म्हणाल तर सासूबाईंच्या पिढीत हेच सांगितलं जायचं, त्यांच्या सांगण्यामागं काळजीच आहे. पण पोटात बाळ असताना दूध विषारी होत नाही, पिणाऱ्या मुलाला बाधत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध कमी होतं, पुढं चीक (नव्या बाळासाठीचं पहिलं घट्ट दूध) तयार होऊ लागतो तशी चव बदलते, आणि बरीच मुलं आपणहून सोडतात. तुम्हाला पाजताना पोटात कळा येत असतील, पूर्वी कधी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं असेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर थांबवायचं. एरवी घाई नाही. फक्त दूध तोडणं आणि झोपेचा बदल एकदम करू नका. आधी तिला बाबांजवळ झोपायची सवय होऊ द्या, त्यात रात्रीचं पिणं निम्मं आपोआप सुटेल. कडुनिंब लावणं, घाबरवणं, चार दिवस तिला दुसरीकडं ठेवणं असलं काही नको. शी-शू सांगायला शिकवायची मोहीमही सध्या बाजूला ठेवा. एका वेळी एकच बदल. ती आपणहून सांगू लागली तर उत्तम, नाहीतर बाळ आल्यावर दोन-तीन महिन्यांनी बघू.

आता मुलगा. पत्र वाचताना माझा जीव त्याच्यापाशी सगळ्यात जास्त अडकला.

पाचव्या वर्षी अंथरुणात शू होणं मुलांमध्ये बरंच आढळतं. पण वर्षभर कोरडा राहिलेला मुलगा पुन्हा करू लागला तर आधी शरीराकडं बघायचं. त्याला मुलांच्या डॉक्टरांकडं नेऊन लघवीची तपासणी करून घ्या. जंतुसंसर्ग असू शकतो, पोट साफ होत नसेल तरीही असं होतं. खूप तहान लागणं, दिवसाही वारंवार लघवीला जाणं, वजन उतरणं यातलं काही दिसत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, रक्तातली साखरही बघावी लागेल. तपासण्या चांगल्या आल्या, तर मग हे त्याच्या मनातलं ओझं आहे असं समजा. गादीवर रबरी कापड घाला, झोपण्याआधी शू करून आणा. सकाळी ओली चादर दिसली तर एक शब्द न बोलता बदला. बहिणीसमोर, शेजाऱ्यांसमोर, फोनवर आजीला, कुठंही तो विषय काढायचा नाही.

ओझं कसलं? बहीण आली तेव्हा तो जेमतेम पावणेतीन वर्षांचा होता आणि त्या दिवशी तो 'मोठा' झाला. तुमच्या घरी दिवसातून किती वेळा 'तू दादा आहेस ना?' म्हटलं जातं ते एकदा लक्ष देऊन ऐका. दादा आहेस, खेळणं दे. दादा आहेस, रडू नकोस. आता त्याला आणखी एकाचा दादा व्हायचंय. त्यात घरी येणारी माणसं गंमत म्हणून सांगतात, 'आता तुझे लाड संपले बरं का!' त्याला ती गंमत वाटत नाही, तो ते खरं धरतो. असं कुणी बोललं तर तिथल्या तिथं, त्याच्या देखत, हसत पण स्पष्ट सांगा: 'नाही हं, आमच्याकडं कुणाचे लाड संपत नाहीत.' त्या माणसाला वाईट वाटेल याची फिकीर करू नका.

परवाच्या धपाट्याचं अजून त्याच्याशी बोलला नसाल तर आजच बोला. दिवस गेले म्हणून उशीर झालेला नाही. जवळ घेऊन म्हणा, 'मी तुला मारलं, ते माझं चुकलं. मी खूप दमले होते. तू वाईट मुलगा नाहीस.' इथंच थांबा. 'पण तूही तिला ढकललंस ना' हे त्याला जोडू नका, ते दुसऱ्या दिवशी सांगता येईल. पुन्हा हात उठतोय असं वाटलं की गॅस बंद करा, मुलीला आजीच्या खोलीत सोडा आणि खाली बसा. भात उशिरा होईल, होऊ द्या. मार खाऊनही न रडणाऱ्या मुलाला हे तुमच्या तोंडून ऐकायची फार गरज आहे. तुम्ही वाईट आई आहात का, याचं माझं उत्तर ठाम नाही असं आहे. त्याच्या नुसत्या बघण्यानं तुमची झोप उडते यावरूनच मला ते कळतं.

बाळाबद्दल त्याला किती सांगायचं? थोडंच, पण खरं. 'ऑक्टोबरमध्ये' म्हणून त्याला काही कळणार नाही. गणपती येतील, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतील, मग नवरात्र, मग आपण आकाशकंदील लावू, आणि त्या सुमाराला बाळ येईल, असं सांगा. झांक्या बघायला यंदा तो एकटा बाबांबरोबर जाऊ दे, खांद्यावर बसून. तुम्ही त्या गर्दीत जाऊ नका. बाळ आलं की लगेच खेळायला मिळेल असं मात्र सांगू नका. ते झोपेल, रडेल, दूध पिईल, एवढंच बरेच महिने. नाहीतर दिवाळीत त्याचा हिरमोड ठरलेला. आणि 'सांग, आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण?' हे त्याला विचारायची आपल्याकडं जी पद्धत आहे ती कृपा करून बंद करा. लिंग तपासायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहेच, पण लेकराच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि ते खोटं ठरलं की सगळ्यांनी चेहरे पाडायचे, हेही त्याच्यावर अन्यायाचं आहे. रुग्णालयात तो पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आजीच्या हातात असू दे, तुमचे हात मोकळे हवेत. आधी त्याला आणि मुलीला कुशीत घ्या, बाळ बघायचं नंतर होईल. घरी आल्यावर सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत मुलांना येऊ न देण्याची पद्धत काही घरांत असते. सर्दी-खोकला असेल तर लांब ठेवणं योग्य. एरवी हात धुऊन त्यांना येऊ द्या, खाटेवर बसू द्या.

नागपूरचं. आईची माया समजते, पण माझं मत विचाराल तर जाऊ नका. मुलाची शाळा मध्येच तुटेल, दोघंही एकदम बाबांपासून लांब जातील, बाळ येईल तेव्हा घरही ओळखीचं नसेल. आणि वडील तीन महिने पाहुणे होतील, पुढं तीच सवय राहते. शिवाय तुमची सगळी तपासणी इथल्या डॉक्टरांकडं झालेली आहे आणि रक्त कमी असताना तीच फाइल, तेच डॉक्टर असणं फायद्याचं. आईंनाच इकडं बोलवा. दसऱ्याला येऊन बाळाच्या सव्वा महिन्यापर्यंत राहिल्या तर सोनंच. दोन विहिणी एका घरात, थोडी खडखड होईल, होऊ द्या. त्यांना येणं जमत नसेल तर तेवढ्या काळापुरती दिवसभराची बाई बघा.

बाळंतपणाच्या रात्रीची तयारी मात्र आत्ताच करा. तिसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंतचा वेळ बऱ्याचदा कमी असतो. तेव्हा मिस्टर पीथमपूरला रात्रपाळीत असतील, तर ते येईपर्यंत थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा की शेजाऱ्यांची गाडी, हे ठरलेलं असू दे. सोबत कोण येणार, मुलांजवळ कोण झोपणार, घराची एक किल्ली कुणाकडं, कारखान्यात रात्री कुणाचा फोन लागतो, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मुलांना त्या रात्री दुसऱ्यांच्या घरी हलवू नका. आजी आणि त्यांची स्वतःची गादी पुरे आहे. तोवरही रक्त किंवा पाणी जाणं, खूप डोकं दुखून नजर अंधुक होणं, चेहऱ्यावर-हातांवर सूज, ताप, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता निघा. सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपा. दोन वर्षांपूर्वीच्या गरोदरपणात धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली असतील तर या वेळी साधारणपणे एकच लागतं, जुनं कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा.

'अगं बाई, तिसरं?' यावर तुम्ही कुणाला कारण देणं लागत नाही. 'हो, दिवाळीच्या सुमाराला' एवढं सांगा आणि विषय बदला. दोघांनी विचार करून ठेवलंय, आणखी काय हवं? पण ज्यांच्याशी बोलायलाच हवं असा माणूस एकच आहे, तुमचे मिस्टर. पुढं काय करायचं हे आत्ता, शांतपणे ठरवा, प्रसूतीच्या टेबलावर कुणी विचारेल तेव्हा नको. गर्भाशयात बसवायची तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. आणि आणखी मूल नको हे पक्कं असेल तर माझं स्पष्ट मत, या वेळी शस्त्रक्रिया त्यांनी करून घ्यावी. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, भूल तेवढ्या भागापुरतीच, त्याच दिवशी घरी येता येतं. बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती खूप सोपी आहे. पहिले तीन महिने दिवस राहू नयेत म्हणून दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग तपासणी करून खात्री करायची. तीन बाळंतपणं तुमच्या शरीरानं सोसली, आता हे एक त्यांच्या शरीरानं करावं.

'सगळं टाकून निघून जावं' हे वाक्यही मी विसरलेले नाही. एखाद्या वाईट संध्याकाळी तसं वाटणं वेगळं. पण दोन आठवडे रोज रडू येत असेल, मुलं झोपली तरी तुम्हाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलो तर मुलांचं बरं होईल असं डोक्यात येत असेल, तर ते आजारपण आहे आणि गरोदरपणातही ते होतं. औषधोपचारानं, बोलण्यानं बरं होतं. तुमच्या बाईडॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. स्वतःला किंवा मुलांना इजा करावी असा विचार आला तर मिस्टरांना तेव्हाच उठवा, एकट्या राहू नका.

या आठवड्यात दोनच कामं करा, मुलाची लघवीची तपासणी आणि तुमच्या गोळ्या बदलून घेणं. बाकीचं एकेक करत जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तुमचे डॉक्टर खासगी असले तरी तिथं जाऊन रक्त तपासून घेता येईल. गोळ्या नीट सुरू झाल्या की महिन्याभरानं पुन्हा हिमोग्लोबिन बघा आणि काय आकडा आला ते मला नक्की कळवा.